तेरडा मार्चमध्ये कसा फुलला?

प्रश्न: मॅडम, मी बॉटनीत पीएचडी करतेय, कास पठारावर क्वाड्रॅट (मोजणीसाठी ठरावीक मापाचा चौकोन) टाकून फुलांच्या नोंदी घेते. तीन सीझनचा डेटा एक्सेलमध्ये आहे, पण ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘सरांना पाठवलेली’ अशा फायलींमधली खरी कुठली तेच कळेना, त्यात तेरड्याच्या काही नोंदी चक्क मार्चच्या दिसतायत! थिसिसच्या आधी हे कसं निस्तरू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: आधी तेरड्याचं बघू. तुम्ही ०३/०९/२०२२ टाइप केलं ते ३ सप्टेंबर म्हणून, पण लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन असेल तर एक्सेल महिना आधी वाचतं आणि ९ मार्च करून टाकतं. १५/०९ ला मात्र ते अडतं, पंधरावा महिनाच नाही ना, मग ती नोंद नुसती टेक्स्ट म्हणून राहते आणि सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते. त्यामुळे बहुतेक १२ तारखेपर्यंतच्याच नोंदी बिघडल्या असणार, पण एकगठ्ठा बदलू नका, फील्डबुकशी एकेक ताडून बघा. यापुढे २०२२-०९-०३ असं वर्ष आधी लिहा. हा त्रास मोठमोठ्या लॅबनाही झालाय, एक्सेल ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशा जनुकांच्या नावांच्या तारखा करायचं, शेवटी २०२० पर्यंत त्या जनुकांची नावंच बदलावी लागली!

आता फायली. फील्डबुकवरून पहिल्यांदा भरलेली फाइल शोधा, ती ‘रॉ’ नावाच्या फोल्डरमध्ये रीड-ओन्ली करून ठेवा आणि परत तिला हात लावू नका, दुरुस्त्या सगळ्या कॉपीत, आणि काय बदललं, का बदललं ते तारखेसकट शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये. त्यातच प्रत्येक कॉलमचा अर्थही लिहा. रिकामा सेल म्हणजे फूल नव्हतं की पावसामुळे मोजलंच नाही? हे आज तुम्हाला आठवतंय तोवर लिहाच, नंतर कुणालाच सांगता येणार नाही, आणि शून्य आणि रिकामं यात गल्लत झाली की सगळी सरासरी चुकते.

बॅकअप: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर साठवलेल्या, त्यातली एक लॅबबाहेर. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो युनिव्हर्सिटीच्या सुपरकॉम्प्युटरवरचा ७७ टेराबाइट डेटा बॅकअपच्याच प्रोग्राममधल्या गडबडीने उडाला, तेव्हा एका पेनड्राइव्हवर विसंबून राहू नका. फील्डबुकच्या पानांचे फोटोही त्याच संध्याकाळी काढत जा.

थिसिस झाल्यावर डेटा झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या वेबसाइटवर फुकट टाकता येतो, डीओआय म्हणजे कायमचा ओळख-क्रमांकही मिळतो. फक्त दुर्मीळ ऑर्किडची नेमकी जीपीएस जागा त्यात देऊ नका, लोक उपटून नेतात, तेवढं आधी गाइडशी बोलून ठरवा.