ड्रायव्हरचा स्लाइस जात नाही, कोच लावू की व्हिडिओ बघून जमेल?

प्रश्न असा आहे: वय 44, गोल्फ सुरू करून अडीच वर्षं, हँडिकॅप 24 (म्हणजे एका फेरीत ठरलेल्या शॉटपेक्षा साधारण तेवढे जास्त). सात नंबरचा आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) बरा लागतो, पण ड्रायव्हर, म्हणजे पहिला लांबचा शॉट मारायचा क्लब, हातात घेतला की बॉल उजवीकडे वळत झाडीत, म्हणजेच स्लाइस. सोबतचे सगळे म्हणतात ‘तुझं डोकं वर येतंय’. कोच लावावा की यूट्यूबवर बघून स्विंग सुधारेल?

‘डोकं वर येतंय’ वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. या एका वाक्यापायी माझी तीन वर्षं गेली आहेत.

माझं भोसरीत छोटं मशीन शॉप आहे. गोल्फचा नाद मला दादानं लावला, 2016 मध्ये. दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. त्याआधी मी फक्त टेनिस बॉलचं क्रिकेट खेळलेलो. त्यानं स्वतःचा जुना सेट दिला, पहिले सहा महिने दर रविवारी पहाटे घरून घेऊन गेला, रांगेत कुठे उभं राहायचं, दुसऱ्याचा पट, म्हणजे होलकडे लोटलेला बॉल, ज्या रेषेनं जाणार तिच्यावर पाय का ठेवायचा नाही, सगळं शिकवलं. हे त्याचं ऋण आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे बरंच त्याच्याविरुद्ध लिहिणार आहे.

दादाकडे प्रत्येक चुकलेल्या शॉटवर एकच औषध. बॉल टॉप झाला, म्हणजे वरच्या कडेला लागून घरंगळला, डोकं वर केलंस. आधी जमीन लागली, डोकं वर केलंस. स्लाइस झाला, तेही डोकंच. मग मी हनुवटी छातीला टेकवून मारायला लागलो. हनुवटी अशी रुतवली की बॅकस्विंगमध्ये डाव्या खांद्याला तिच्याखालून जायला जागाच राहत नाही. खांदे वळत नाहीत, नुसते हात वर उचलले जातात आणि खाली येताना बाहेरून आत बॉलला कापत जातात. म्हणजे स्लाइस घालवायचा उपाय म्हणून मी तीन वर्षं स्लाइसचीच तालीम केली.

डिसेंबर 2019 मध्ये जोड्यांची स्पर्धा होती. स्टेबलफोर्ड, म्हणजे प्रत्येक होलच्या स्कोअरवर पॉइंट, दोघांच्या पॉइंटची बेरीज. जोडीला दादा. शेवटच्या होलवर आम्हाला फक्त एक पॉइंट हवा होता आणि तो माझ्याकडून यायचा होता. पार पाचचा, म्हणजे पाच शॉटांत संपवायचा होल, हँडिकॅपमुळे मला तिथे एक शॉट सवलतीचा मिळत होता, आणि त्यावर पारपेक्षा एक जास्त झाला तरी एक पॉइंट असतो, म्हणजे सात मारले असते तरी भागलं असतं. उजव्या अंगाला कंपाउंडची भिंत, पलीकडे ओबी, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर. पहिला बॉल भिंतीपलीकडे. दुसरा ठेवला, हनुवटी आणखी दाबली, तोही तिथेच. शून्य पॉइंट. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, ‘शंभरदा सांगितलं, डोकं खाली ठेव. ऐकायचंच नसेल तर येत जाऊ नकोस.’ परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द नाही. आई गेल्यानंतर आम्ही दोघं इतके गप्प तेव्हाच बसलो असू.

पुतण्यानं तो पहिला शॉट मोबाइलवर मागून स्लो मोशनमध्ये घेतला होता. रात्री मी तो थांबवत थांबवत पाहिला, वीसेक वेळा तरी. बॉल चौकटीबाहेर गेला तरी माझं डोकं रिकाम्या टीकडे, म्हणजे बॉल ठेवायच्या खुंटीकडे खिळलेलं. दादाला पाठवला. उत्तर आलं, ‘कॅमेऱ्याच्या अँगलमुळे तसं दिसतं.’

आमच्या धंद्यात जॉब रिजेक्ट झाला तर ऑपरेटरला काय वाटतं ते आम्ही विचारत नाही, गेज लावतो. मला तिथेच ठरवावंसं वाटलं की आता माझ्या स्विंगबद्दल कुणाचं मत ऐकायचं नाही, बॉल काय सांगतो ते ऐकायचं. हे तुम्हीही आजच ठरवा.

आधी एका कोचकडे गेलो, दहा लेसनचं पॅकेज. तीन लेसनमध्ये त्यानं कंबर, उजवं कोपर, पायातलं अंतर आणि मनगट असं सगळं बदललं. काखेत टॉवेल, गुडघ्यांत बॉल. बॉल कुठे जातोय हे त्यानं एकदाही विचारलं नाही, त्याचं लक्ष स्विंग कसा दिसतो यावर. उरलेले सात लेसन मी सोडून दिले.

उत्तर मिळालं ते आमच्या कॅडी मामांकडून. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा उचलताना त्यांनी जितके स्विंग पाहिलेत तितके क्वचितच कुणी पाहिले असतील. जानेवारीत एका होलच्या टीवर, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागेवर, मी ड्रायव्हर धरून उभा होतो. म्हणाले, ‘साहेब, धरलीय तशीच ठेवा मूठ. आता वरनं बघा, डाव्या हाताच्या किती गाठी दिसतात?’

बघितलं. एक.

‘दोन-अडीच दिसायला पायजेत. क्रिकेटवाले सगळे असंच धरतात.’

म्हणजे बोटं जिथून सुरू होतात त्या मुठीवरच्या गाठी. माझा डावा हात दांड्यावर खूपच डावीकडे वळलेला होता आणि दांडा बोटांऐवजी तळव्यातून जात होता. अशा ग्रिपनं वेग आला की हात आपल्या नैसर्गिक जागी परततात आणि क्लबफेस, म्हणजे क्लबची बॉलला लागणारी बाजू, उघडा, उजवीकडे बघणारा राहतो. क्रिकेटमध्ये बॅटचा चेहरा उघडून थर्ड मॅनला ढकलतो तसंच, फक्त इथे बॉल फिरकी घेऊन आणखी बाहेर जातो.

पूर्वी शिकवायचे की बॉल स्विंगच्या दिशेनं निघतो आणि फेसच्या दिशेनं वळतो. ट्रॅकमॅनसारखी रडारवाली यंत्रं आल्यावर नेमकं उलटं स्पष्ट झालं: बॉल निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतोय तिकडे, आणि स्विंगची वाट आणि फेस यांत जितका कोन तितका तो वाटेपासून दूर वळतो. बॉल आणि फेसची गाठ सुमारे अर्धा मिलिसेकंद असते. सगळा डाउनस्विंग पाव सेकंदाच्या आसपास. तेवढ्या वेळात कुणीही हात सुधारू शकत नाही, जे व्हायचं ते बॉलसमोर उभं राहतानाच ठरलेलं असतं. आणि फेस एकच अंश उघडा असला तर 200 यार्डांवर साडेतीन यार्डांचा फरक, तोही नुसत्या सरळ रेषेचा, वळण धरलेलं नाही.

तुमचा सात नंबर सरळ जातो म्हणून ग्रिप ठीक आहे असं समजू नका. त्याला लॉफ्ट (फेसचा वर झुकलेला कोन) जास्त, बॅकस्पिन (बॉलची मागे फिरणारी फिरकी) जास्त, त्यात आडवी फिरकी झाकली जाते. ड्रायव्हर साधारण दहा अंशांचा, तो काही झाकत नाही. दोष दोन्हींत तोच आहे.

आता यातला कठीण भाग, जो तुम्हाला कुणी सांगणार नाही. ग्रिप बदलली आणि माझे बॉल डावीकडे जायला लागले. थोडे नाही, शेजारच्या होलच्या फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर. कारण बॉल उजवीकडे जातो म्हणून अंगानं इतक्या वर्षांत आपोआप डावीकडे ओढायची सवय लावून घेतली होती. फेस सुधारला, पण वाट जुनीच राहिली. त्या रविवारी दादा म्हणाला, ‘बघ, होतं तेही घालवलंस.’ आणि मी परत जुन्या ग्रिपवर गेलो. मामा म्हणत होते, ‘डावीकडं जातोय तर जाऊ द्या ना साहेब, चार-सहा आठवड्यांत हात आपसूक बाहेरच्या बाजूला जातील.’ मी ऐकलं नाही. दादाचा आवाज लहानपणापासून कानात आहे, मामांचा तीन वर्षांचा.

मग मार्च 2020 उजाडला. एमआयडीसी बंद, कोर्स बंद. घरात हॉलच्या कोपऱ्यात एक जुना आयर्न ठेवला. बातम्या लागल्या की हातात घ्यायचा, डाव्या हाताच्या गाठी मोजायच्या, उजवा हात त्याच्यावर बसवायचा, सोडायचा, परत धरायचा. दिवसाला शंभरेक वेळा. दोन महिन्यांत एकही बॉल मारला नाही आणि ग्रिप तेव्हाच बदलली. बॉल कुठे जाईल याची भीती नव्हती, बघून बोलणारं कुणी नव्हतं. कोर्स उघडून पहिल्यांदा ड्रायव्हर धरला तेव्हा जुनी ग्रिपच परकी वाटत होती. तीन आठवडे बॉल डावीकडे गेले, मग हळूहळू मधे यायला लागले. मामा म्हणाले होते तसंच झालं: बॉल उजवीकडे जायची भीती गेली तसे हात आतून बाहेर जायला लागले. मी स्वतः वाटेला हातही लावला नव्हता.

एक गोष्ट मात्र राहत होती. अधूनमधून एखादा बॉल तसाच वळायचा. त्यासाठी शेडमध्ये क्रिकेटची जाळी टांगली, मागे जुनी गादी, आणि ड्रायव्हरच्या फेसवर ब्लू लावला. आमच्याकडे दोन पृष्ठभाग नीट बसतात का हे बघायला लावतात तोच प्रशियन ब्लू, पातळ थर. मारलं की ठसा दिसतो. वीसपैकी तेरा ठसे टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला. ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागे असतं, त्यामुळे टाचेकडे लागलेला बॉल उजवीकडे वळणारी फिरकी घेतो, पुढच्या टोकाला लागलेला डावीकडची. माझं वजन डाउनस्विंगमध्ये पंजांवर पुढे झुकत होतं. वजन पावलाच्या मधे ठेवायला शिकलो, ठसे मधे आले. तुमच्याकडे ब्लू नसेल तर फेसवर टाल्कम पावडर चोळा, तेवढंच काम करते.

2021 च्या शेवटी माझा हँडिकॅप 19 वरून 15 वर आला होता.

दादाचं म्हणणं अजूनही हे की मी नैसर्गिक स्विंग बिघडवला. त्याचं ठरलेलं उदाहरण अमेरिकन व्यावसायिक गोल्फर जिम फ्युरिक. वर जाताना एका वाटेनं, खाली येताना भलत्याच, असा गोल फिरणारा स्विंग, वडिलांशिवाय दुसरा कोच नाही, आणि त्याच स्विंगवर 2003 चा यूएस ओपन आणि 2016 मध्ये एका फेरीत 58, पीजीए टूर या अमेरिकन व्यावसायिक स्पर्धामालिकेतला सर्वात कमी स्कोअर. सगळं खरं आहे. पण फ्युरिकचा क्लब हवेत कुठूनही फिरो, बॉलपाशी फेस हवा तिथे असतो. बॉलला तेवढंच कळतं. फ्युरिक माझ्या बाजूचा साक्षीदार आहे, दादाच्या नाही. मी हवेतलं काहीच बदललं नाही, मूठ बदलली.

आणि उलट टोकाला इंग्लंडचा व्यावसायिक गोल्फर निक फाल्डो. डेव्हिड लेडबेटर या कोचकडे जाऊन त्यानं अख्खा स्विंग नव्यानं बांधला आणि 1987 चा ब्रिटिश ओपन शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये खेळून जिंकला. पण तो रोज शेकड्यानं बॉल मारत होता, आणि तरीही त्याला दोन वर्षं लागली. आपल्याला रविवार आणि जमली तर एखादी सकाळ मिळते. आठवड्याला दोन तास खेळणाऱ्या माणसाचा अख्खा स्विंग बदलायला घेणारा कोच त्याच्या वेळेची नासाडी करतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला: कोच लावा, पण पहिल्या लेसनला जो तुम्हाला न बोलता दहा बॉल मारू देईल आणि ते कुठे निघाले, कुठे वळले हे बघेल तोच. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बदलायला सांगितल्या तर दुसऱ्यांदा जाऊ नका. यूट्यूब तीन महिने पूर्ण बंद. तिथला सल्ला चुकीचा असतो असं नाही, पण एकच व्हिडिओ स्लाइसवालाही बघतो आणि हुकवालाही (ज्याचा बॉल डावीकडे वळतो तो), आणि एकाचं औषध दुसऱ्याचं विष. नवा ड्रायव्हर तर मुळीच घेऊ नका.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. तुम्ही डावखुरे असाल तर हे सगळं उलटं वाचा. तुमच्या डाव्या हाताच्या आत्ताच तीन गाठी दिसत असतील तर तुमचा दोष ग्रिपमध्ये नाही आणि माझी निम्मी गोष्ट तुमच्या उपयोगाची नाही, मग ब्लूपासून सुरुवात करा. अंगठ्याच्या बुडाशी किंवा मनगटात दुखणं असेल तर ग्रिप बदलण्याआधी डॉक्टरला दाखवा. आणि डोकं खरोखरच वर येणारेही लोक असतात, पण ते बघणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका, मोबाइल लावा.

दादा आता 63 चा आहे. एकेकाळी दोनशेच्या पुढे जाणारा त्याचा ड्राइव्ह आता एकशेसत्तरला थांबतो, कारण वळणारा बॉल उंच जातो आणि पडल्यावर पळत नाही. तो डावीकडे शेजारच्या फेअरवेवर निशाणा धरतो आणि म्हणतो वयामुळे अंतर गेलं. वयामुळे थोडंच गेलंय. निदान पंधरा-वीस यार्ड त्याच्या डाव्या मुठीत अडकलेत, मी दर रविवारी टीवर समोर उभा राहून बघतो, त्याची एकच गाठ दिसते.

दादा, पुतण्या तुला हे पाठवेलच. 2019 चा व्हिडिओ मी अजून ठेवला आहे, पण तो नको बघूस. रविवारी खेळायला जायच्या आधी अर्धा तास शेडवर ये. जाळी लावून ठेवतो, ब्लूची डबीही काढून ठेवतो.