प्रोसेस दाखवायची तर कोरा आवाज आधी ऐकव

भावा, तू विचारलास की ट्रॅक कसा बनवला ते सगळं सांगितलं तर लोक चोरतील काय. चोरू देत की, प्लगिनचा (आवाजावर इफेक्ट टाकणाऱ्या सॉफ्टवेअरचा) स्क्रीनशॉट नेऊन कुणाला काय मिळत नाही, आणि नुसते स्क्रीनशॉट टाकणारे मला तर बोअरच होतात. वडगावात पॉवरलूम रेकॉर्ड केलास ना, मग त्या मागाचा कोरा, म्हणजे काहीच इफेक्ट न लावलेला आवाज 20 सेकंद टाक, लगेच पुढं तोच ग्रॅन्युलर केलेला, म्हणजे बारीक तुकडे करून परत जोडलेला टाक आणि तुकडे किती मिलिसेकंदाचे ठेवलास ते सांग, कारण 100 च्या आसपास असताना माग अजून ओळखू येतोय आणि 10 ला आणलास की नुसती घरघर, ऐकणाऱ्याला तिथंच सगळं कळतंय.

पिएर शेफर म्हणून एक फ्रेंच संगीतकार होता, रेकॉर्ड केलेल्या आवाजांतनं संगीत करणारा. त्यानं 1948 ला पॅरिसात रेल्वेच्या आवाजांवरनं पीस केला, पण त्या काळातले फसलेले प्रयोग पण त्यानं डायरीत लिहून ठेवले आणि नंतर छापले. मला तर ते फसलेलेच जास्त उपयोगी वाटतात. म्हणून जे जमलं नाही ते पण टाक.

प्रत्येक इफेक्टच्या आधी एक वेव्ह फाइल (कुठंही वाजणारी साधी ऑडिओ फाइल) एक्स्पोर्ट करून ठेव, लॅपटॉप बदलला की जुना प्रोजेक्ट उघडेल याची गॅरंटी नाही. लूम लई मोठ्यानं वाजतोय, रेकॉर्ड करताना मीटरवरचा पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, -12 डीबीच्या वर जाऊ देऊ नको. बोलताना आपल्या बोलीतच बोल, मध्ये कन्नड आलं तर येऊ दे. आणि हां, कामगारांचं बोलणं रेकॉर्डिंगमध्ये आलं असेल तर त्यांना ऐकवून, विचारूनच टाक.