जळगावात राहून अलिबागजवळ समुद्रकाठचा तयार बंगला घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावला जिनिंगचा धंदा आहे, शेतीही आहे. किहीमजवळ चार बेडरूमचा, स्विमिंग पूलवाला तयार बंगला विकायला आहे. मालक सहा कोटी सांगतोय आणि एजंट म्हणतो, "गेटपासून वाळू दीडशे पावलांवर." घ्यावा का?

भाऊ, ती दीडशे पावलंच आधी तपासा. एजंट ज्या गोष्टीचे जास्तीचे पैसे मागतोय, नेमकी तीच त्या बंगल्याची सगळ्यात कच्ची बाजू असू शकते.

मी जळगावचाच, बांधकामाच्या धंद्यातला. साडूसाठी आवास, सासवणे, किहीम हा पट्टा पाहून आलो आहे, म्हणून लिहितो. आपल्याकडे बिनशेती असली आणि नकाशा मंजूर असला की आपण निर्धास्त होतो. किनाऱ्यावर त्याच्या वर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा केंद्राचा नियम, बसलेला असतो. ग्रामीण भागात भरतीच्या उच्चतम रेषेपासून 200 मीटरचा पट्टा 'ना विकास क्षेत्र' असतो. 2019 च्या अधिसूचनेने तो 50 मीटरवर आणला खरा, पण तो फक्त दाट वस्तीच्या भागात, म्हणजे 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोक असतील तिथे. तेही त्या अधिसूचनेप्रमाणे किनारा आराखडा मंजूर झाल्यावर. एजंट मंडळी मात्र '50 मीटर' हा आकडा सरसकट सगळ्यांना ऐकवतात. ही भरतीची रेषा म्हणजे वाळूची कडा नव्हे. ती मंजूर नकाशावर आखलेली असते आणि तुमचा गट नंबर त्या नकाशावर टाकून अंतर काढावं लागतं. मागच्या बाजूला खाडी असेल तर तिचं अंतर वेगळं मोजायचं.

बंगला या 'ना विकास' पट्ट्यात असूनही कायदेशीर असू शकतो, जुना आणि रीतसर परवानगीचा असेल तर. पण मग त्याची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी आहे तेवढ्याच जोत्यावर आणि आहे तेवढ्याच चटईक्षेत्रात होते. 'वर दोन खोल्या चढवू' हा विचार सोडून द्या. आणि परवानगीच नसेल तर काय होतं, ते किहीमनेच पाहिलंय. नीरव मोदीचा बंगला मार्च 2019 मध्ये प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. मशीनने तो लवकर पडत नव्हता, इतकं बांधकाम मजबूत होतं!

म्हणून मालकाकडे मूळ बांधकाम परवानगी, त्यासोबतचा मंजूर नकाशा, सीआरझेडची मंजुरी, बिनशेती आदेश, सातबारा आणि सगळे फेरफार मागा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून 'घर नोंदलेलं आहे' म्हणतील. ती घरपट्टीची नोंद असते, परवानगी नव्हे. जमीन शेतीचीच असून वर 'फार्महाऊस' उभं असेल तर तुम्ही सातबारावाले शेतकरी असल्याने खरेदी करू शकाल, पण शेतघराला बांधकामाची मर्यादा असते आणि एवढा मोठा बंगला तीत बसणं अवघड. वकील अलिबागचाच धरा, मालकाने सुचवलेला नको.

आता इमारत. साडूबरोबर पाहिलेल्या एका बंगल्यात इटालियन मार्बल, नवा रंग, सगळं चकाचक. साडू पूलजवळ फोटो काढत होते, मी बाल्कनीच्या स्लॅबखाली गेलो. ताज्या रंगातून एक तपकिरी ओघळ डोकावत होता. किल्लीने टकटक केलं तर हातभर जागा पोकळ वाजली. खारी हवा काँक्रीटमध्ये शिरली की सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ढकलून देते. रंगाने हे चार-सहा महिने झाकलं जातं. समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम 30 ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि 45 मिलिमीटर कव्हर लागतं. आपल्या जळगावच्या साध्या स्लॅबला याच्या निम्मं कव्हर असतं आणि चालून जातं. तिथे तेच मिस्त्री-काम केलेलं असेल तर पंधरा वर्षांचा बंगलाही आतून म्हातारा असतो. त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट स्वतःच्या खर्चाने करून घ्या. त्यात कव्हर किती आहे, काँक्रीटमध्ये क्लोराइड (खाऱ्या हवेतलं मीठ) किती शिरलंय आणि सळईला गंज कितपत आहे, हे तिन्ही आलं पाहिजे. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात चाखून बघा, मचूळ लागलं तर पिण्यासाठी टँकर धरून चाला.

बंगला बघायला दिवाळीत जाऊ नका, जुलैत जा. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे दोन हजारांच्या वर. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात याच रायगड जिल्ह्यात छपरं उडाली, नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा या घराचं काय झालं होतं, हे केअरटेकरला विचारा. मालकापेक्षा तो खरं सांगतो.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर मुंबईपर्यंतच रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर. पुढे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने तासाभरात मांडवा, गाडीसकट. गेटवेच्या साध्या लाँच पावसाळ्यात बंद. पोरं म्हणतील मे महिन्यात जाऊ, पण आपल्या 45 अंशांतून सुटून तिथल्या चिकट घामात बसायला मला तरी मजा आली नाही. भाड्याने देऊन खर्च निघेल हा हिशोबही विक्रेत्याचा आहे. पूल, बाग, माळी आणि गंजलेले एसी वर्षभर पैसे खातात.

तरीही मन बसलं असेल तर इसार छोटा द्या आणि साठेखतात अट घाला, की परवानग्या खऱ्या निघाल्या नाहीत तर इसार पूर्ण परत. 50 लाखांच्या वरचा व्यवहार असल्याने 1 टक्का टीडीएस तुम्हालाच कापून भरायचा आहे. मालक परदेशात राहत असेल तर हा दर वेगळा आणि बराच जास्त, सीएला आधीच विचारा. कागद द्यायला एजंट टाळाटाळ करू लागला तर गप्प बसा आणि जुलैत फोन करा. तोवर दुसऱ्याने घेतला असेल तर घेऊ द्या, त्या पट्ट्यात विकाऊ बंगल्यांचा तोटा नाही.