दोन दिवसांत घरच्या घरी किन्त्सुगी शिकता येते का?

किन्त्सुगी म्हणजे फुटलेले भांडे जोडून सांध्यांवर सोन्याची रेघ काढायची जपानी पद्धत. आजीची फुटलेली कपबशी ऑनलाइन मिळणाऱ्या किन्त्सुगी किटने जोडली, तर तिच्यात पुन्हा चहा पिता येईल का, असे आपण विचारले आहे. किटमधल्या चकाकीला किन्त्सुगी म्हणायचे असेल तर दोन दिवस पुरेत. मला पाच महिने लागले.

जपानमधल्या कानाझावाला आम्ही राहत असताना भाताचा वाडगा माझ्या हातून निसटला आणि त्याचे तीन तुकडे झाले, म्हणून मी गल्लीतल्या एका कारागीर बाईंकडे जाऊ लागले. सोने तिथे अगदी शेवटी येते. तुकडे धरून ठेवते ती उरुशी, म्हणजे त्याच नावाच्या झाडाचा चीक, जो दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला चिरा पाडून एका हंगामात जेमतेम 200 ग्रॅम निघतो. त्यात गव्हाचे पीठ मळून केलेली खळ कडांना लावायची आणि वाडगा दमट खोक्यात ठेवून द्यायचा, कारण उरुशी उन्हाने सुकत नाही, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. तिसऱ्या आठवड्यात माझ्या बोटांच्या बेचक्यांत फोड आले आणि पापण्या सुजून डोळे उघडेनात. व्हिडिओ कॉलवर मला पाहताच आई म्हणाली, "अगं, बिब्बा उतलाय तुला!" तिचे फारसे चुकले नव्हते, उरुशी, बिब्बा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. पुढे खाचा बुजवणे, घासणे, काळा थर, पुन्हा घासणे, मग लाल उरुशीची बारीक रेघ आणि ती चिकट असतानाच तिच्यावर भुरभुरवलेली सोन्याची पूड.

हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण माझे थोरले दीर. ते डिझाइन शिकवतात, आणि किन्त्सुगी म्हणजे जखमा मिरवण्याचे तत्त्वज्ञान असून तंत्र त्यात गौण आहे, असे त्यांनी एका दिवाळीत सगळ्यांसमोर मला ऐकवले. भावजी, जपानमध्ये तडा मुळीच दिसू नये म्हणून रंग जुळवून दुरुस्ती करणारेही कारागीर आहेत आणि लोक त्याचे पैसे मोजतात. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातला 'बाकोहान' हा सेलाडॉनचा, म्हणजे हिरवट झिलईच्या मातीचा वाडगा तर लोखंडी टाके मारून जोडलेला आहे. फुटलेले भांडे पुन्हा वापरात यावे, एवढीच मूळ गरज.

आता आपल्या कपबशीचे. स्वस्त किटमध्ये बहुधा इपॉक्सी हा कृत्रिम गोंद आणि पितळेची पूड असते. अन्नासाठी चालेल असे पाकिटावर स्पष्ट छापलेले नसेल, तर त्यात गरम चहा ओतू नये. खऱ्या उरुशीने जोडलेले भांडेही मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. उरुशी वापरणारच असाल तर हातमोजे घाला, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये खोक्यात ओले फडके ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात त्याचीही गरज पडू नये.

दिरांनी किटने जोडलेला एक मग आम्हाला भेट दिला आहे. आम्ही त्यात पेने ठेवतो.