जिताडा कधी येतो, कधी जातो?

प्रश्न : दादा, मी पेणचा. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी उघाडीपाशी (बांधातून पाणी आत-बाहेर करायचं दार) रॉडने दोन जिताडे मिळाले, एक तर साडेचार किलोचा. मग डिसेंबर-जानेवारीत त्याच जागी सात-आठ रविवार घालवले, काहीच नाही. मासा जातो कुठे? बसायचं कधी?

उत्तर : जागा बरोबर, वेळ चुकली. जिताड्याची अंडी खाऱ्या पाण्यातच जगतात, म्हणून मोठा मासा पावसाळ्याच्या तोंडावर खाडी उतरून मुखाकडे जातो, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे अंडी सोडतो, मग बारीक पिल्लं भरतीबरोबर वर येऊन उघाडीतून खारात (बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीत), भातशेतात, तळ्यात शिरतात. आपल्याकडच्या तळ्यांमधे जिताडे पूर्वीपासून आले ते असेच! थंडीत पाणी गार झालं की तो सुस्तावतो, खोल जागा धरतो, खाणं एकदम कमी.

एप्रिल-मे चांगला, पण मला विचाराल तर पाऊस ओसरतानाचे दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबर, त्याला तोड नाही. उधाणाची भरती उतरायला लागली की उघाडीतून पाणी जोरात बाहेर पडतं, त्यात बोयट माशांची पिल्लं, कोळंबी वाहत येते आणि जिताडा खांबाच्या आडोशाला, धारेच्या कडेला, तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. धारेत नका टाकू, कडेला टाका. जिवंत कोळंबी लावा. संध्याकाळी अंधार पडताना कान देऊन बसा, पाण्यात बाटलीचं बूच उडाल्यासारखा 'टॉप्' आवाज आला की समजा तो खातोय. दोरीच्या पुढच्या टोकाला, गळाजवळ, जाड नायलॉन हवाच, त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, दोरीही कापते आणि बोटंही, मी दोन्ही अनुभवलंय.

आता एक कळकळीचं. जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे सात-आठ किलोच्या वरचा लागला तर ती बहुतेक मादीच, आणि जून-जुलैत पोटात लाखो अंडी. तेव्हा यांत्रिक बोटींनाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते, काठावरच्या गळाला नाही, पण म्हणून ती मादी घरी न्यायची का? फोटो काढा आणि सोडा. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवा म्हणजे पटकन सुटतो. तिला नुसतं जबड्याला धरून लटकवू नका, पोटाखाली हात द्या, पाण्यातच तोंड प्रवाहाकडे करून धरा, शेपटीने स्वतः झटका दिला की हात काढा.