स्थळाचा फोटो आणि लाल साडी

प्रश्न : मुलीचे नाव वधू-वर सूचक मंडळात नोंदवायचे असल्याने फोटो काढण्यासाठी आम्ही लक्ष्मी रस्त्यावरील एका स्टुडिओत गेलो होतो. ‘लाल साडी नेसू द्या, मागचा पडदाही लालच लावू, लाल रंगाकडे माणूस ओढला जातो, हे शास्त्राने सिद्ध केले आहे,’ असे छायाचित्रकाराने सांगितले. मुलीला मात्र तिची मोरपंखी पैठणीच नेसायची आहे. या म्हणण्यात तथ्य किती?
— एक आई, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : छायाचित्रकाराचे म्हणणे अगदीच निराधार नाही, ‘सिद्ध केले आहे’ हे मात्र मान्य करता येणार नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे अँड्र्यू एलियट आणि डॅनिएला निएस्टा यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एकाच स्त्रीचे छायाचित्र काही पुरुषांना लाल, तर काहींना पांढऱ्या पार्श्वभूमीवर दाखवले होते, आणि लाल पार्श्वभूमी पाहणाऱ्यांना ती अधिक आकर्षक वाटली. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. ती स्त्री किती प्रेमळ किंवा बुद्धिमान वाटते, यावर रंगाचा परिणाम आढळला नाही आणि स्त्रियांच्या मतातही फरक पडला नाही. आपल्याकडे तर स्थळाचा फोटो बहुधा आधी मुलाच्या आईच्याच हाती पडतो!

पुढे इतर संशोधकांनी असे प्रयोग केले, तेव्हा अनेकांना तो परिणाम दिसला नाही. २०१८ मध्ये या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा सरासरी परिणाम अल्प निघाला, आणि कार्यपद्धती आधीच नोंदवून केलेल्या अभ्यासांत तर तो जवळजवळ उरलाच नाही. या आढाव्याच्या लेखकांत स्वतः एलियटही होते. आपल्याच निष्कर्षाची अशी फेरतपासणी करणाऱ्या संशोधकाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

शिवाय रंगाचा अर्थ बराचसा रूढीने ठरतो. चीनमध्ये आणि उत्तर भारतात वधूचा पोशाख लाल असतो. आपल्याकडे गौरीहर पुजणारी मुलगी पिवळी अष्टपुत्री नेसते आणि हातात हिरवा चुडा भरते.

तेव्हा मुलीला पैठणीच नेसू द्यावी. मनाजोगती साडी नेसलेली मुलगी कॅमेऱ्यासमोर अवघडत नाही, आणि तो मोकळेपणा फोटोत स्पष्ट दिसतो. लाल पडदा मात्र टाळावा, कारण तो जवळ असल्यास त्याची झाक गालांवर आणि मानेवर उतरते आणि त्वचेचा मूळ रंग बिघडतो.