जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माडीवर लाकडी फ्लोरिंग आणि त्याखाली हीटिंग बसवता येईल का?

येईल, पण आधी तुळया बघा. माडीच्या फळ्यांवर मातीची भर असेल तर भिंतीलगत थोडी उकरा आणि तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. भुसभुशीत लागलं तर ओल किंवा वाळवी. मग बाकी सगळं नंतर.

कोबा करून त्यात गरम पाण्याचे पाइप टाकू म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. दोन इंची कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण 100 किलो! त्यापेक्षा पातळ इलेक्ट्रिक फिल्म, म्हणजे फ्लोरिंगखाली अंथरायची विजेवर तापणारी चादर, बरी. तिच्याखाली इन्सुलेशन हवंच, नाहीतर खालच्या खोलीचं छत तापवत बसाल.

वर भरीव सागवानी पट्ट्या नकोत, इंजिनिअर्ड वुड (प्लायसारख्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ थर) घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून कडेने 10 मिमी फट सोडायची; स्कर्टिंगखाली ती झाकते. थर्मोस्टॅट फ्लोअर सेन्सरवाला, मर्यादा 27 अंश.

100 चौरस फुटांना साधारण एक किलोवॅट लागेल. वाड्याच्या जुन्या वायरिंगवर जोडू नका. स्वतंत्र लाइन, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच). आणि खरं सांगू? आपल्याकडची थंडी दोन-अडीच महिन्यांची, एका झोपायच्या खोलीपुरतं करा.